२५ डिसेंबरची नानकटाई



डिसेंबर महिना निम्मा सरला की घरोघरी मुलांची भुणभुण सुरू होते. शाळेत कोणाच्या तरी डब्यात केक आलेला असतो, टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर कोणी ओव्हनमधून बिस्किटे काढताना दिसलेले असते, आणि मग "आपण का नाही करत?" हा प्रश्न थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. बहुतेक घरांत त्याला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, "आपल्याकडे ओव्हन नाही." दुसरे, "नाताळ आपला सण नाही." आम्हाला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. पहिल्याचा निकाल सोपा आहे, म्हणून तो आधी लावू.

ओव्हनमध्ये विशेष असे काय असते? आपली चूल, तवा, कढई यांना जाळ खालून लागतो. ओव्हनमध्ये पदार्थाला चहूबाजूंनी कोरडी धग लागते, एवढाच फरक. आता ही धग खानदेशच्या माणसाला नवीन आहे काय? गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेली बट्टी आपण वरणात कुस्करून खातो. भरिताचे वांगे विस्तवात भाजतो. पालथ्या खापरावर मांडे करणाऱ्या बायका आपल्या भागात आजही आहेत. बट्टी आतून शिजली पाहिजे आणि वरून खरपूस झाली पाहिजे, त्यासाठी जाळ विझवून निखाऱ्यावर थांबायचे असते, हे आपल्या आज्यांना कोणत्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शिवाय प्रत्येकाच्या घरी भट्टी असावी लागते असेही नाही. दिवाळी आणि ईदच्या आधी मैदा, तूप, साखर पिशवीत घालून बेकरीत जाण्याची पद्धत आपल्याकडच्या गावांत जुनी आहे. माल आपला, भाजणावळ किलोमागे बेकरीवाल्याची. रिकामा डबा काखेत धरून बायका बाकावर बसलेल्या असतात, आपला पत्रा कोणता यावरून थोडी वादावादी होते, आणि गरम नानकटाईचा डबा सायकलच्या कॅरियरला बांधून घरी येतो. त्या रांगेत कोण कुठल्या वस्तीतले आहे हे भट्टी विचारत नाही. एकाच पत्र्यावर सगळ्यांचा माल भाजून निघतो. आमच्या आईला ही गोष्ट फार मोलाची वाटत असे, आणि तिचे बालपण ज्या गावात गेले ते पाहता आम्हाला त्याचे नवल वाटत नाही.

नानकटाई आपल्याकडे कुठून आली, याचा माग घेतला तर तो सुरतेकडे जातो. डच व्यापारी सुरत सोडून गेले तेव्हा त्यांची बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली. पुढे पावाला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून त्यांनी सुक्या बिस्किटांचा धंदा वाढवला आणि त्यातून नानकटाई निघाली, असे सुरतेत सांगतात. 'नान' हा शब्द मूळ फारसी, अर्थ भाकरी. सुरतेहून निघालेली रेल्वे नवापूर, नंदुरबार करीत आपल्या दोंडाईच्यात येते आणि पुढे अमळनेर, जळगावला जाते. नानकटाई याच गाडीने आली असे आम्ही शपथेवर सांगणार नाही, पण वाट तर सरळ आहे.

याच वाटेवर नवापूर आणि चिंचपाडा ही स्टेशने लागतात. त्या पट्ट्यात आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल तर अनेक वाचकांना ठाऊक असेल. नाताळ म्हणजे पांढऱ्या बर्फातला साहेबांचा सण, असे चित्र ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी एकदा डिसेंबरात तिकडे फेरी मारावी. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला काय होते? करंज्या, शेव, चकल्या, लाडू. गोव्यात त्याच करंजीला नेवरी म्हणतात, आणि काट्याच्या नाहीतर फणीच्या पाठीवर वळून तळलेल्या कुलकुल्या म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांची मावसबहीणच. बहुतेक पदार्थ तळणाचे, कारण ओव्हन त्यांच्याही घरी नव्हता. सण बदलला तरी कढई तीच राहिली.

आणि केक? भारतात नाताळचा पहिला केक १८८३ साली केरळातल्या थलशेरी गावी मांबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्याने भाजला, असे म्हणतात. एका इंग्रज मळेवाल्याने विलायतेचा केक नमुना म्हणून पुढे ठेवला आणि बापूंनी गावच्या सामानातून तसाच करून दाखवला. हे बापू थिय्या समाजाचे. त्या काळच्या केरळात या समाजालाही अवर्ण म्हणून दूर ठेवले जाई. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या हातचा केक साहेबाच्या टेबलावर गेला. ही गोष्ट मुलांना पीठ मळताना जरूर सांगावी.

आता दुसरे उत्तर. नाताळ आपला सण नाही, हे खरेच आहे. पण २५ डिसेंबर ही तारीख आपली नाही असे कोण म्हणेल? १९२७ साली याच दिवशी महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या मंडपाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. महाडचे व्यापारी माल देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळे भाषण केले. पुढे १९९६ मध्ये चंद्रपूरला भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेने हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा असे ठरवले, आणि आता तो ठिकठिकाणी पाळला जातो.

पण कसा पाळला जातो, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. चळवळीत वीस-बावीस वर्षे सतरंज्या उचलल्यामुळे आम्ही हे जवळून पाहिले आहे. विहारात माईक लागतो. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष मंडळी बसतात. वक्ते स्त्रीमुक्तीवर पाऊण तास बोलतात. त्या वेळी स्त्रिया कुठे असतात? मागच्या खोलीत, साठ माणसांच्या चहापोह्यांच्या तयारीत. भाषण संपते, टाळ्या होतात, आणि बशा घासायला पुन्हा त्याच. मनूचे पुस्तक जाळले, मनूचे वेळापत्रक मात्र स्वयंपाकघरात टांगलेलेच आहे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत महिला मंडळाने एक ठराव केला, आणि तो पुरुषांना मान्य करावा लागला. २५ डिसेंबरच्या कार्यक्रमाचा खाऊ घरोघरच्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी करायचा. पोहे नकोत, कारण पोहे ऐन वेळी करावे लागतात आणि ऐन वेळी पुरुष गायब होतात. नानकटाई आदल्या रात्री होते. शाळेला सुट्टी असते, थंडी असते, सारे घर शेगडीभोवती बसते. मुलांची नाताळची हौसही भागते.

आमच्या घरचे प्रमाण देतो. हे साधारण तीस नगांचे आहे. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तूप किंवा डालडा १५० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. मैद्यातला एक मोठा चमचा काढून त्या जागी कॉर्नफ्लोअर घातले तर नानकटाई अधिक खुसखुशीत होते. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे स्टार्च, आणि मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना आपल्या दोंडाईच्यातच आहे, तेव्हा या वस्तूला परकी म्हणू नये. डालडा वापरल्यास सामानाचा खर्च आमच्या वहीत साठ रुपयांच्या आसपास पडतो. गॅस वेगळा.

तूप वितळलेले नको, थिजलेले हवे. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने गोल गोल फेसायचे. दहा-पंधरा मिनिटांत रंग पांढरा होतो आणि तूप हलके होते. त्यात हवा कोंडली जाते, तीच पुढे नानकटाई फुलवते. हे खांदा दुखवणारे काम आहे, म्हणून आमच्या घरी ते मोठ्या मुलाकडे आहे. मग सगळी पिठे चाळून, सोडा मिसळून त्यात घालायची आणि हलक्या हाताने गोळा करायचा. पोळीच्या कणकेसारखे तिंबायचे नाही. मैदा जितका मळावा तितका चिवट होतो आणि नानकटाई दगड होते. सोडा "थोडा जास्त" घालण्याचा मोह टाळावा, साबणासारखी चव येते. वाट्यांत दादरीचे पीठ निम्मे घालूनही होते, फक्त ती नाजूक असते, उचलताना मोडते.

भट्टीसाठी जाड बुडाचे जुने पातेले घ्यावे. तळाशी दोन बोटे जाडीचा खडे मिठाचा किंवा धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर द्यावा, त्यावर लोखंडी कडे ठेवावे, वर घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. मीठ धग धरून ठेवते आणि सारखी वाटते, नाहीतर बूड करपते आणि वरचा भाग कच्चा राहतो. कुकर वापरायचा तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवावीत. ही गोष्ट विसरून चालणार नाही. नवा कुकर मात्र या कामाला लावू नये. तूप लावलेल्या ताटलीत सात-आठ गोळे अंतर ठेवून मांडावेत, वर चारोळी दाबावी आणि मंद आचेवर अठरा ते वीस मिनिटे ठेवावे. सारखे झाकण काढून पाहू नये. वर बारीक चिरा पडल्या आणि कडेला सोनेरी झाले की काढावे. त्या वेळी नानकटाई बोटाला मऊ लागते. कच्ची समजून पुन्हा आत सारू नका, गार झाल्यावर ती आपोआप कडक होते. मीठ गार करून डब्यात भरून ठेवावे, पुढच्या वर्षीही तेच चालते. जेवणात मात्र वापरू नये.

पहिल्या घाण्याचा वास सुटला तेव्हा आमची ऐंशीच्या घरातली आई गोधडीतून म्हणाली, "काय वास सुटना रे भो!" आणि गोधडी बाजूला सारून शेगडीजवळ येऊन बसली. मुलांच्या आईला त्या रात्री एकच काम दिले होते, बसून चव घेण्याचे. तिला ते अवघड गेले. दोनदा उठली, दोनदा आम्ही बसवले. आणि तुपकट परात? ती कोणी घासायची यावरच खरी परीक्षा असते. आमच्याकडे जो तूप फेसतो तोच गरम पाण्याने परात घासतो, असा नियम धाकटीने केला आहे आणि ती तो पाळून घेते.

ज्यांना केकच हवा त्यांनी जास्त पिकलेली केळी टाकून देऊ नयेत. आपण जळगावच्या केळीच्या शेजारात राहतो. तीन केळी कुस्करून त्यात शंभर ग्रॅम किसलेला गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, दोनशे ग्रॅम कणीक आणि एक छोटा चमचा सोडा. दह्याचा आंबटपणा सोड्याला फुगवतो, अंडे लागत नाही. त्याच पातेल्यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. सुरी टोचून कोरडी निघाली की झाला.

एक ताट शेजारी पाठवावे. आमच्या वडिलांच्या काळी गावातून वस्तीत सणाचे आले तर ते वरून ओंजळीत टाकलेले असे, आणि वस्तीतले ताट गावात जात नसे. आज आमच्या गल्लीत नवापूरकडच्या एक ख्रिस्ती परिचारिकाबाई राहतात. त्यांच्याकडून करंज्यांचे ताट येते, आमच्याकडून नानकटाईचे जाते, रिकामे ताट कोणीच परत करत नाही. कामाच्या ठिकाणीही आम्ही डबा नेतो. बहुतेक जण हात पुढे करतात. एखाद्याला नेमका त्याच दिवशी उपवास आठवतो. मागच्या वर्षी त्या उपवासवाल्यांपैकी एकाने चार वाजता, सगळे उठल्यावर, डबा उघडून दोन खाल्ल्या. आम्ही फायलीत मान घालून बसलो.

विहारात न्यायच्या नानकटाया रात्रीतून ताटात पसरून गार होऊ द्याव्यात. गरम असताना डब्यात भरल्या तर वाफ धरते आणि सकाळी मऊ पडतात. डब्याच्या तळाशी कोरा कागद घालावा, थरांमध्येही एकेक, आणि डब्यावर घरातल्या कोणत्या मुलाने केल्या त्याचे नाव चिकटवावे.