टपालात टाकलेले ज्ञान

चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहाराच्या संपादनाचे १९७४ मध्ये हाती घेतलेले काम अलीकडेच ३० खंडांनिशी पूर्ण झाले. सुमारे १५ हजार पत्रांच्या या संग्रहात मुलांची आजारपणे, स्वतःच्या पोटदुखीच्या तक्रारी आणि कबुतरांच्या पैदाशीवरची चर्चा शेजारी शेजारी आहेत. घरगुती आणि शास्त्रीय अशी वाटणी न करता संपादकांनी सारी पत्रे तारखेनुसार लावली. त्यामुळे एखादी कल्पना कोणत्या अडचणीत सुचली, कोणाच्या शंकेने पक्की झाली आणि कोणाच्या नमुन्याने बदलली, हे आज दिसते.

आपल्याकडे याच काळातले ठळक नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. त्यांच्या नावाचे नागपूरचे कॉलेज विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे भूशास्त्रातील काम मात्र फारसे कोणाला माहीत नाही. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. आपला भंडाराही तेव्हा भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. १८५१ मध्ये हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळी येथे जीवाश्म सापडले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे अवशेष होते. याचा अर्थ, लाव्हा ओतला जात असताना मधल्या काळात इथे तळी साचत होती.

अर्थ लावण्यासाठी लागणारी ग्रंथालये आणि तुलनेचे नमुने नागपुरात नव्हते. ती उणीव टपालाने भरून काढली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये दोघांचा सविस्तर लेख आला. मांगली येथे मिळालेल्या उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले, कीटकांचे अँड्र्यू मरी यांनी आणि वनस्पतींचे चार्ल्स बनबरी यांनी. मुंबईतील हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्ये गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाच्या प्रजातीला ‘हिस्लोपिया’ हे नाव दिले. नमुन्यासोबत जागा, खडकाचा थर आणि शोधाची हकीकत लिहून गेली नसती, तर परदेशी तज्ज्ञांच्या हाती केवळ दगड पडले असते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. गोंड समाजाविषयीची त्यांची टिपणे अपुरीच होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे गोंडी गीतही आहे. पुढे १८८८ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी हिस्लॉप यांचे चरित्र प्रसिद्ध केले. म्हणजे जे टपालाने गेले ते ज्यांना मिळाले त्यांच्याकडे टिकले; जे घरात राहिले ते वजनदार स्नेही होता म्हणून वाचले.

असे भाग्य सर्वांना लाभत नाही. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ओळखतो ते ॲलन ह्यूम पक्षिशास्त्रज्ञही होते. देशभरातील अधिकारी त्यांना पक्ष्यांचे नमुने आणि टिपणे पाठवत. ह्यूम सिमल्याबाहेर असताना त्यांच्या नोकराने त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते रद्दी म्हणून बाजारात विकली. त्यांचा पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि सुरक्षित राहिला, पण त्यांनी योजलेला भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ मात्र कधीच झाला नाही.

या साऱ्या पत्रव्यवहारात एक उणीव आहे, तीही नमूद केली पाहिजे. कोणत्या ओढ्यात काय सापडते हे दाखवणारे वाटाडे, शिकारी आणि कोळी त्यात क्वचितच नावानिशी येतात. टिपणांवर नाव लिहिणाऱ्याचे राहते, सांगणाऱ्याचे राहत नाही.

भंडाऱ्याला हा विषय परका नाही. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांतले मासे आणि पाणवनस्पती यांची जाण मासेमार ढीवरांच्या पिढ्यांनी सांभाळली आहे. तलावांच्या पुनरुज्जीवनासाठी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने हेच ज्ञान आधाराला घेतले. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या नवेगावबांधला वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी जे पाहिले, ते त्यांनी लिहून ठेवले म्हणून मराठीला मिळाले. पण वनरक्षकांच्या डायऱ्या, मच्छीमार संस्थांचे दप्तर, शिक्षकांची पक्षिनोंद आणि अभ्यासकांची पत्रे यांना आज हक्काची जागा नाही. अलीकडचा पत्रव्यवहार तर मोबाइलमध्येच आहे आणि फोन बदलला की तो जातो.

हे सारे जपण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. जिल्हा ग्रंथालयाने एक कपाट आणि एक स्कॅनर द्यावा, महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून सूची करून घ्यावी, वन आणि मत्स्य विभागांनी जुने दप्तर निकाली काढण्यापूर्वी तिथे दाखवावे. प्रत्येक नोंदीवर तारीख, गाव आणि माहिती देणाऱ्याचे नाव असावे. घरगुती मजकूर म्हणून पाने गाळू नयेत. कुटुंबाची हरकत असेल तर ती काही वर्षे बंद ठेवावीत. एखाद्या तलावात कोणता मासा कधी दिसेनासा झाला, हा प्रश्न उद्या न्यायालयात किंवा जलसंपदा विभागासमोर येईल, तेव्हा उत्तर याच कागदांत शोधावे लागेल.