सुट्टी कोणाची आणि शिक्षा कोणाला?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांची मुले जूनमध्ये भारतात येतात, तेव्हा आपल्या मुलांची शाळा नुकतीच सुरू झालेली असते. त्यांची दहा-अकरा आठवड्यांची सुट्टी पाहून आपल्या मुलांना हेवा वाटतो. परंतु अमेरिकेतल्या असंख्य मुलांना त्या सुट्टीतही शाळेची पायरी चढावी लागते, आणि ती कोणती मुले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘समर स्कूल’ म्हटले की आपल्यासमोर छंदवर्ग किंवा संस्कार शिबिर उभे राहते. तिथे मात्र या एका नावाखाली दोन अगदी भिन्न जगे नांदतात. संपन्न घरातला विद्यार्थी हजारो डॉलर शुल्क भरून नामांकित विद्यापीठाच्या ग्रीष्मवर्गात जातो. हार्वर्डचा असा वर्ग १८७१ पासून चालू आहे. दुसरा विद्यार्थी जातो तो बीजगणितात अनुत्तीर्ण झाला म्हणून. तिथल्या माध्यमिक शाळेत प्रत्येक विषयाचे ‘क्रेडिट’ मिळवावे लागते, आणि ठरलेली क्रेडिट्स भरली नाहीत तर पदविका हाती पडत नाही. राहिलेले क्रेडिट मग उन्हाळ्यात, बहुधा चार ते सहा आठवड्यांत भरून काढायचे. नियम आणि शुल्क जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे. अलीकडे हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकावरच उरकले जाते. जो विषय शिक्षक समोर असताना कित्येक महिन्यांत उमगला नाही, तो पडद्यासमोर बसून काही आठवड्यांत कसा उमगतो, हे कोडेच आहे. दप्तरी मात्र मुलगा उत्तीर्ण! (आपली पुरवणी परीक्षाही निराळी नाही, तिथे निदान शिकवल्याचा दावा तरी कोणी करत नाही.)

ही दीर्घ सुट्टी शेतीच्या कामांसाठी ठेवली गेली, असा समज अमेरिकेतही रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. शेतावर हात लागतात ते वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला. म्हणून जुन्या ग्रामीण शाळा हिवाळ्यात व उन्हाळ्यात भरत असत. उन्हाळी सुट्टी रुजली ती मुख्यतः शहरांत. उकाडा असह्य होई आणि सुखवस्तू कुटुंबे गावाबाहेर जात. गरिबांची मुले तेवढी रस्त्यावर उरत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परोपकारी मंडळींनी ‘सुट्टीच्या शाळा’ काढल्या. तिथे सुतारकाम, शिवणकाम असे, निसर्गसहली निघत. उन्हाळी शाळेचा आरंभ असा ममतेतून झाला. नापासांची शाळा हे रूप तिला पुढे आले.

सुट्टीचे मोल कोणाला द्यावे लागते, याचा माग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्ल अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी घेतला. १९८२ साली बाल्टिमोर शहरात पहिलीत शिरलेल्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थित मुले जवळपास सारखीच पुढे सरकत. अंतर वाढे ते उन्हाळ्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या मोजमापाच्या पद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. तरीही ज्या घरात पुस्तके आहेत आणि आईवडिलांना वेळ आहे, तिथली सुट्टी आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईच्या घरातली सुट्टी एकच, असे कोण म्हणेल?

करोनानंतर हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. टेनेसी राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्यानुसार २०२३ पासून तिसरीतले जे मूल वाचनाच्या परीक्षेत कमी पडेल, त्याची चौथी अडू लागली. पुनर्परीक्षा, शिकवणी असे मार्ग ठेवले होते. त्यांतला एक उन्हाळी वर्गाचा, आणि तिथे नव्वद टक्के उपस्थितीची अट. प्रत्यक्षात फारच थोडी मुले मागे ठेवली गेली. पण आठ-नऊ वर्षांच्या लेकराने जून महिना त्या धास्तीत काढावा, हे मनाला पटत नाही. पुस्तकाची गोडी धाकाने लागत नाही, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ कशाला हवा?

उन्हाळी शाळा निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. रँड या संशोधनसंस्थेने पाच शहरांतल्या विनामूल्य, ऐच्छिक वर्गांचा अभ्यास केला. तिथे सकाळी भाषा-गणित आणि उरलेल्या वेळात खेळ व कला असत. बस आणि जेवणही मिळे. वीस किंवा अधिक दिवस आलेल्या मुलांना, विशेषतः गणितात, लाभ झालेला दिसला. अडचण एवढीच, की नावे नोंदवलेली बरीच मुले फिरकलीच नाहीत. घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचे असेल, आईची पाळी बदलली असेल, तर मूल येणार कसे? शाळेने दार उघडले तरी मुलाचे बोट धरून तिथवर नेणारे कोणी लागते. पूर्वी ते काम शेजारपाजार आणि आजी-आजोबा करत.

२०२१ च्या केंद्रीय मदत कायद्याने राज्यांना आपल्या वाट्यातला किमान एक टक्का उन्हाळी उपक्रमांसाठी राखणे भाग पाडले होते. त्या निधीच्या विनियोगाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आता कात्री लागेल ती कशाला? क्रेडिट भरून देणारे संगणकवर्ग टिकतील. उत्तीर्णांची टक्केवारी त्यांच्यावर उभी आहे. बस, जेवण आणि खेळ देणारे वर्गच आधी बंद पडतील, अशी भीती वाटते.