मूठभर धान्य आणि दोन कोटी



फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात दोन मांडव पडले. एकात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, सत्त्याण्णवावं. दुसऱ्यात विद्रोही साहित्य संमेलन, अठरावं. पहिल्याला सरकारचे दोन कोटी. दुसऱ्याला घराघरातलं मूठभर धान्य आणि एक रुपया. १९९९ साली धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिलं विद्रोही झालं, तेव्हापासूनची ही ताठ मान. मी अर्थातच दुसऱ्या मांडवाचा. झोळी घेऊन वस्ती वस्ती फिरलो. एका म्हातारीनं ज्वारीची मूठ टाकली आणि विचारलं, "तिकडं कोटी आले म्हणतात, मग तुम्ही माझ्या दारात का?" मी म्हटलं, आजी, आम्ही सरकारचं घेत नाही. छाती फुगवून म्हटलं.

आज तेच वाक्य तपासायला बसलोय. कारण मधल्या काळात माझ्या मामाची फाईल घेऊन मी कचेरीत चपला झिजवल्या.

मामा तमाशात होता. चौतीस सीझन. सोंगाड्या. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेपासून पार विदर्भाच्या हद्दीपर्यंत ट्रकच्या टपावर झोपून गेलेला माणूस. वगातला राजाही तोच आणि राजाची टोपी उडवणारा शिपाईही तोच. २०२० साली कोरोनात यात्रा बंद, फड बंद. मामा रावेरकडं केळीच्या ट्रकवर हमालीला गेला. कंबर गेली तेव्हा घरी आला.

सरकारची योजना आहे. आज तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. म्हाताऱ्या साहित्यिक-कलावंतांना मानधन. २०२४ साली ते सरसकट महिना पाच हजार झालं. चांगलं झालं, मी नाव ठेवणार नाही. फॉर्म भरला. वय पन्नासच्या वर पाहिजे, आहे. गरिबी पाहिजे, भरपूर आहे. मग टेबलामागचा साहेब म्हणाला, "कलेचा पुरावा आणा. प्रमाणपत्रं, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं."

मामा माझ्याकडं बघून म्हणाला, "भाचा, कागद मी कोठेन लयू? मना पुरावा मना गयामा शे."

पुरावा गळ्यात आहे, ऐकून घ्या म्हणे! साहेबाला अहिराणी कळली नाही. कळली असती तरी फॉर्ममध्ये गळ्याचा रकाना नव्हता. ज्याचं नाव हँडबिलावर कधी छापलंच नाही, ज्याच्या सोंगाला चार हजार माणूस पोट धरून हसला पण एकानंही बातमी लिहिली नाही, त्यानं कात्रण आणायचं कुठून? शेवटी म्हणे पुढाऱ्याचं पत्र आणा. म्हणजे ज्याची टोपी मामानं आयुष्यभर उडवली, त्याच्याच पायाशी बसून लिहून घ्या की हा कलावंत आहे.

आता हिशेब करू. पाच हजाराप्रमाणे एका माणसाचं वर्षाचं मानधन साठ हजार. तीन दिवसांच्या संमेलनाचे दोन कोटी भागिले साठ हजार. तीनशे तेहतीस माणसं वर्षभर जेवतात. संमेलन बंद करा असं मी म्हणत नाही. पण एका मांडवाला पैसे देताना मराठीची सेवा, आणि आमच्या म्हाताऱ्याला देताना उपकार, हा फरक कोणी केला? आणि मानधनाचा कोटा बघा. जिल्ह्याला वर्षाला शंभर. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, जळगाव बेचाळीस लाखांचा. कोटा सारखाच.

आता आपल्यातले काही पेटतील. सरकारकडं हात पसरायचा? या सरकारकडं? २०२० साली कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. गाणाऱ्यांना जेलात घालणाऱ्या व्यवस्थेचा पैसा खाऊन शाहीर काय गाणार? भीमराव कर्डकांच्या जलशानं कुणाचं अनुदान घेतलं होतं? वामनदादांनी कुठला फॉर्म भरून लिहिलं?

हा सवाल खरा आहे, मी त्याला बगल देत नाही. पण मला सांगा, आपण नाही म्हटल्यानं सरकार आपल्या कलेपासून लांब राहिलं का? मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंना त्याचं लोकनाट्य करून वाट काढावी लागली. आजही महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवावी लागते. म्हणजे आमचे शब्द तपासायला सरकार हजर. आमची चूल तपासायची वेळ आली की कला ही खाजगी बाब! अण्णाभाऊ १९६९ साली गोरेगावात गरिबीत गेले. विठाबाई २००२ साली गेल्या, शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या पैशाची मारामार. पुढं सरकारनं त्यांच्या नावाचा पुरस्कार काढला. मेल्यावर नाव घ्यायला पैसे आहेत, जगताना नव्हते.

आणि तो पैसा सरकारचा कधी झाला? मामा काडेपेटी घेतो त्यावर कर भरतो. फडाच्या ट्रकात डिझेल टाकलं त्यावर कर भरला. त्याच पैशातून १९७७ साली गोरेगावला चित्रनगरी उभी राहिली, मराठी सिनेमाला अनुदान मिळालं, मुंबईत अकादम्या झाल्या. आपला ताठा आपल्यापुरता ठीक आहे. पण पगारी नोकरी करून मी 'सरकारचं घेत नाही' म्हणतो, तेव्हा उपाशी मामा राहतो. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये राज्यसंस्थेकडं पाठ फिरवायला सांगितलं नाही. शेती, उद्योग राज्याच्या हातात द्या आणि ते घटनेत पक्कं करा म्हणजे येणारा सत्ताधारी मोडू शकणार नाही, असं सांगितलं. भीक वेगळी, हक्क वेगळा. भीक मालकाच्या मर्जीवर, हक्क कायद्यावर.

मर्जीशिवाय पैसा देता येतो का? येतो. आयर्लंड नावाचा देश बघा. इंग्रजांनी पिळलेला, आपली भाषा निम्मीअधिक गमावलेला. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत एक्कावन्न लाखांच्या आसपास. आपले जळगाव-धुळे मिळून २०११ लाच त्रेसष्ट लाखांच्या घरात होते. त्या देशानं २०२२ साली दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. आणि गंमत पुढं आहे. पात्र अर्जदारांतून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मंत्र्याचं पत्र नाही, काय गाणार हा प्रश्न नाही. आयर्लंड श्रीमंत आहे, मान्य. पण चिठ्ठी टाकायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडं काय कमी आहे? २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांवर लोकांनी मातृभाषा म्हणून खान्देशी नोंदवली. वही गाणारे आहेत, कानबाईची, आखाजीची, गुलाबाईची गाणी आहेत, तमाशाचे फड आहेत, भीमगीतांच्या पार्ट्या आहेत. पोरं मोबाईलवर अहिराणी गाणी काढतात आणि ती पुण्याच्या लग्नातही वाजतात. लोक म्हणतात, बघा, चाललंय की सरकारशिवाय. चाललंय. पण एक गाणं गाजतं तेव्हा पन्नास पोरं कर्जावर कॅमेरा घेऊन बुडतात. त्यांची गिनती कोण करतं?

एक गोष्ट आपल्यातच बोलायची आहे. आपल्या बापजाद्यांनी डफ-हलगी सोडली ती उगाच नाही. ती कला नव्हती, वेठ होती. पाटलाच्या वरातीपुढं वाजवायची सक्ती होती. १९५६ नंतर ती फेकली, बरोबर केलं. म्हणून 'लोककला जगवा' म्हणणाऱ्या सदऱ्याच्या माणसांचा मला संशय येतो. त्यांना डफ जगवायचा असतो, आणि वाजवणाऱ्याची जातही तिथंच ठेवायची असते. तमाशातल्या बाईची पोर तमाशातच उभी राहावी, अशी परंपरा आम्हाला नको. आमचं म्हणणं उलटं आहे. माणूस जगवा. त्याची पोर शिकू द्या. मग तिला वाटलं तर ती डफ घेईल, आणि वाजवायचं की नाही हे तीच ठरवेल.

म्हणून मागतो, आणि मान ताठ ठेवून मागतो:

मानधनाला कागदाचा पुरावा बंद करा. कलावंताला गाऊ द्या, ऐका, ठरवा. पुढाऱ्याचं पत्र कचऱ्यात टाका.

निवड समितीत निम्मे कलावंत घ्या, त्यात तमाशातल्या बायका घ्या.

कोटा जिल्ह्याच्या माणसांच्या संख्येवर ठरवा.

जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलंत. आता तिथं अहिराणी गळे ध्वनिमुद्रित करा. म्हातारे मरायच्या आत.

तालुक्याच्या गावी तालमीला एक हॉल द्या, भाड्याशिवाय.

संहितेची आगाऊ तपासणी मोडा.

यातली एकही मागणी सरकारची आरती ओवाळा म्हणत नाही. पैसा घ्यायचा आणि त्याच सरकारला वगात उभं करून झोडायचं. मामाच्या सोंगाड्यानं हेच तर केलं. राजाच्या दरबारात, राजाच्या तोंडावर.

३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ साली त्याच दिवशी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि तिथं उतरले. पोळ्याच्या मानाचा खटला होता. हक्क मागायला ते कोर्टात गेले, कोर्ट कुणाचं आहे हे विचारत बसले नाहीत. यंदा तिथं वर्गणीच्या वहीबरोबर मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठाही आणणार आहे. तुमच्या गल्लीत जो कुणी म्हातारा गाणारा असेल, जी कुणी म्हातारी नाचलेली असेल, त्यांना घेऊन या. फॉर्म आपण भरू. पुराव्याच्या रकान्यात एकच ओळ लिहू: समोर उभा आहे, ऐका.

आणि त्या आजीला मी उत्तर देणं लागतो. आजी, तुझी मूठ आम्ही घेऊच, त्या मुठीनंच आमची मान ताठ आहे. पण त्या दोन कोटींतही तुझी ज्वारी होती, हे मी तेव्हा तुला सांगायला पाहिजे होतं.

जयभीम.