डोक्यावरचा उपग्रह आणि सड्यावरची रेंज

आपल्या घराचे अक्षांश-रेखांश टाकले की त्या घरावरून या क्षणी कोणता उपग्रह चालला आहे, हे मोबाईलवर फुकटात पाहता येते. सध्या आपल्या महाविद्यालयातील बऱ्याच जणांना हा नाद लागला आहे. कोणी सांगतो, आमच्या वाडीवरून तासाभरात इतके गेले; दुसरा म्हणतो, आमच्याकडे त्याहून जास्त! गंमत अशी की, हे पाहायलासुद्धा रेंज लागते. त्यामुळे गावावरचे आकाश पाहायचे ते शहरात, वसतिगृहाच्या खोलीत बसून. या नादाला माझा विरोध नाही. परंतु ‘उपग्रह डोक्यावर आला, आता इंटरनेट आलेच’ असा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो मला मान्य नाही.

प्रथम हे उपग्रह कसे आहेत ते पाहू. घरोघरच्या दूरचित्रवाणीच्या तबकड्या ज्याच्याकडे तोंड करून असतात तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो व पृथ्वीबरोबरच फिरतो. म्हणून तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो. मात्र इतक्या दूरवरून प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जातो. ‘स्पेसएक्स’ या अमेरिकन कंपनीने २०१९ पासून ‘स्टारलिंक’चे जे उपग्रह सोडले, ते पाच-साडेपाचशे किलोमीटरवरूनच जातात. तेथे हा विलंब जवळजवळ जाणवत नाही. पण हा जवळचा सोयरा घरी टिकत नाही! सुमारे दीड तासात तो पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि आपल्या आकाशात जेमतेम काही मिनिटे असतो. एक गेला की तबकडीने दुसरा पकडायचा. म्हणून असे हजारो उपग्रह लागतात. २०२५ साली त्यांची संख्या आठ हजारांवर गेली. त्यांतील पुष्कळशांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करतात. अशी कक्षा ५३ अक्षांशाजवळ वळण घेते आणि त्या वळणावर उपग्रहांची दाटी होते. लंडन ५१ अंशांवर आहे, आमचे गाव १७ अंशांवर. म्हणजे आकाशातही आमच्या वाट्याला पंगत विरळच!

मग ‘कव्हरेज’ कशाला म्हणायचे? नकाशावर तालुका रंगवला म्हणजे कव्हरेज झाले काय? माझ्या मते कव्हरेज असते ते घराला. तबकडीला वर शंभर अंशांहून अधिक कोनाचे मोकळे आकाश लागते. कोकणातले घर म्हणजे पुढे माड, बाजूला फणस आणि पाठीशी डोंगर. ज्या बाजूला फणस, त्या बाजूचा उपग्रह बुडाला, की तेवढा वेळ संपर्क तुटला. मोबाईलचा कॅमेरा आकाशाकडे फिरवून हे अडथळे आधी तपासण्याची सोय कंपनीच्या ॲपमध्ये आहे व ती चांगली आहे. पण आजोबांनी लावलेला फणस तोडण्याची गोष्ट आजीपाशी कोण काढणार? शिवाय पावसाच्या दाट सरीत या लहरी क्षीण होतात. तबकडीला ७५ ते १०० वॅट वीज लागते, आणि वादळात गेलेली आमची वीज दोन-दोन दिवस येत नाही. नकाशावरचा रंग मात्र तसाच राहील.

आज मोबाईलच्या नकाशातही आमची वाडी रंगवलेलीच आहे. प्रत्यक्षात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर सड्यावर चढावे लागते. दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून अर्ज रात्री भरावा म्हणतात. रात्री मुलगे सड्यावर जातात. मुलींना कोणी पाठवत नाही. ज्यांचे अर्ज राहतात त्या कोण, हे वेगळे सांगायला नको.

उपग्रहाची नवलाई आपल्या देशाला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘एटीएस-६’ या अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवली गेली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपले, उपग्रह ज्यांचा होता त्यांनी परत नेला. भारताला त्यातून पुष्कळ शिकता आले हे खरे. पण पडद्याची सवय लागलेल्या खेड्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव ही नावे आहेत. दुर्गम भागातील शाळा आणि आरोग्य केंद्रे आधी घ्यावीत हे योग्यच. परंतु एका उपग्रहाची क्षमता त्याच्या खालच्या सर्वांत वाटली जाते. या कंपनीला देशात २० लाखच ग्राहक घेता येतील, असे केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले होते. एकशेचाळीस कोटींच्या देशात हा आकडा केवढा? तेव्हा ‘आता केबल कशाला?’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत केबल नेण्याचे ठरले. तो आग्रह आपण सोडू नये. जेथे केबल पोचणे खरोखरच कठीण, तेथे शाळेच्या छपरावर तबकडी बसावी.

आणि मोजणी आपली आपण करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी सात दिवस एका गावात राहतो. रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा त्याच्या जोडीने प्रत्येक वाडीत, घराच्या ओटीवर उभे राहून सकाळी, दुपारी व रात्री रेंज किती येते, वेग किती मिळतो, वीज किती वेळ गेली आणि छपरावरून मोकळे आकाश किती दिसते, हे वहीत लिहावे. भूगोलाच्या मित्रांनी त्याचा नकाशा काढावा व तो ग्रामसभेत लावावा. वह्या विद्यार्थी मंडळाने द्याव्यात. मोबाईल ज्याचा त्याचा.