ओढणीसकट पाण्यात

१९३८च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. किती अंग दिसलं, याचाच हिशेब आपण अजून करतो. कापडाबद्दल कुणी बोलायचं?

१९१३च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड निटिंग कंपनीनं (पुढची जँटझेन) स्वेटरच्या बाह्यांच्या काठाची ताणणारी वीण वल्हेकऱ्याच्या चड्डीसाठी वापरली. त्या कंपनीचा विणलेला पोहण्याचा पोशाख त्यातूनच आला. लोकर भिजून जड व्हायची खरी, पण हातपाय मोकळे राहायचे. मुद्दा हातपायांचा होता.

आमच्या जालन्यात कडवंचीसारख्या गावांत शेततळी आली, आत घसरडा प्लास्टिकचा कागद. पोरं चड्डीवर पोहायला शिकतात. पोरीचा पाय घसरला तर तिनं सलवार-ओढणीसकट हात मारायचे? अब्रूवाल्यांनी आधी ती ओली ओढणी गळ्यात घालून पाहावी.