पत्रिकेतला नवा ग्रह

वाचकहो, तुळशीचे लग्न लागले की आमच्या परभणी जिल्ह्यात सोयरिकींची लगबग सुरू होते. गेल्या साली गंगाखेडकडच्या एका पोरीची, माझ्या विद्यार्थिनीची, ठरलेली सोयरीक मोडली. दोष एवढाच, की तिच्या काकाला स्किझोफ्रेनिया. पाहुण्यांतला एक शिकलेला गृहस्थ मला म्हणाला, "मास्तर, घराण्यातले वेड आता मेंदूच्या विजेवरूनही कळते!"

मी मॅट्रिक, पण हिशेब मला येतो. हा आजार शंभरात एखाद्याला होतो. आईबापांपैकी एकाला असेल तर शंभर मुलांत सुमारे दहांना. नव्वद सुखरूप राहतात. काका असेल तर धोका त्याहूनही कमी.

मेंदूच्या विजेचा आलेख हान्स बर्गरने १९२९ साली जगापुढे मांडला. एकसुरी आवाजात मध्येच निराळा आवाज आला, की क्षणार्धात डोक्यात एक लहर उठते. रुग्णांत ती सरासरीने लहान. त्यांच्या काही निरोगी भावंडांतही. पण ही झाली सरासरी! तिच्यावरून एका पोरीचे भविष्य सांगणे म्हणजे जिल्ह्याच्या पावसावरून माझ्या वावरातले पीक सांगणे.

आणि या भीतीचे फळ काय? सोयरीक मोडेल म्हणून घरे रोगी लपवतात, औषध लांबवतात. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क झाला. पण तो मागायला माणूस माजघरातून बाहेर तर यावा! तो काका आज औषध घेऊन शेत राखतो. यंदा पाहुणे येतील तेव्हा त्याला ओसरीवर बसवा. त्याच्याबरोबर जो चहा घेईल, तोच खरा जावई.