सही करण्याची घाई नको

सुझन आर्चिबाल्ड स्कॉटलंडमधल्या फाइफ कौन्सिलमध्ये रस्ते झाडण्याचे काम करत. एका शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली आणि त्यांना चालणे जवळजवळ अशक्य झाले. बसून करायचे काम मात्र त्या करू शकत होत्या. त्यांनी कौन्सिलमधल्याच शंभराहून अधिक जागांसाठी अर्ज केले. या जागा थोड्या वरच्या श्रेणीच्या, म्हणून दर वेळी इतर उमेदवारांबरोबर मुलाखत झाली आणि दर वेळी नकार आला. शेवटी नोकरी गेली. त्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढल्या. २००४ मध्ये निकाल लागला: अशा कर्मचाऱ्याला स्पर्धेच्या मुलाखतीशिवाय झेपेल त्या जागी बदली देणे हासुद्धा मालकाच्या कर्तव्याचा भाग असू शकतो.

आजारपणानंतर ब्रिटनमध्ये कामावर परतणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हा निकाल लक्षात ठेवावा. सवलत मागणे म्हणजे उपकार मागणे, असे आपल्याकडे फार जणांना वाटते. आजार लपवायचा, केमो संपली की लगेच पूर्ण वेळ कामाला जायचे आणि महिनाभरात पुन्हा अंथरूण धरायचे. हे थांबायला हवे.

ब्रिटनमध्ये २०१० च्या इक्वॉलिटी अॅक्टनुसार अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यासाठी कामात वाजवी फेरबदल करणे हे मालकावर बंधन आहे आणि त्याचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. कर्करोग, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांत निदानाच्या दिवसापासूनच हे संरक्षण मिळते. इतर आजारांत दैनंदिन व्यवहारांवरचा ठळक परिणाम वर्षभर टिकलेला असावा लागतो किंवा तो टिकण्याची शक्यता असावी लागते. नैराश्यही त्यात येऊ शकते. जीपीच्या फिट नोटवर ‘कामास योग्य असू शकेल’ असा पर्याय असतो. त्याखाली टप्प्याटप्प्याने परतणे, बदललेले तास, बदललेले काम आणि कामाच्या जागेतले बदल अशा चार चौकटी असतात. जीपीकडून त्या भरून घ्याव्यात. फेरबदलांची मागणी ईमेलनेच करावी, म्हणजे तारीख राहते. पगाराची काळजीही रास्त आहे. पाठीच्या दुखण्यामुळे हलके काम दिलेल्या जीफोरएस या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा जुना पगार चालू ठेवणे हाही वाजवी फेरबदल ठरू शकतो, असे रोजगार अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये मान्य केले.

कधी कधी मात्र फेरबदलांची चर्चा सुरू होण्याआधीच एचआर वेगळा कागद पुढे करते: ठरावीक रक्कम घ्या, राजीनामा द्या, दावा करू नका. हे सेटलमेंट अॅग्रीमेंट. थकलेल्या माणसाला त्या क्षणी ती सुटका वाटते, आणि धोका तिथेच आहे. मालक-कर्मचारी तंट्यांत सल्ला देणाऱ्या एसीएएस या संस्थेच्या संहितेनुसार विचाराला किमान दहा दिवस मिळायला हवेत. स्वतंत्र सल्लागाराचा, म्हणजे बहुधा सॉलिसिटरचा, सल्ला घेतल्याशिवाय हा करार बंधनकारकच होत नाही. त्या सल्ल्याच्या फीचा वाटा मालक सहसा उचलतो. भरपाईच्या पहिल्या ३०,००० पौंडांवर साधारणपणे कर नसतो, पण नोटिशीच्या काळाच्या पगारावर तो लागतो. आकडा पाहताना हे दोन भाग वेगळे करून पाहावेत. वाटाघाटी चालू आहेत म्हणून रोजगार न्यायाधिकरणाकडे दावा करण्याची मुदत आपोआप थांबत नाही. तक्रारीच्या घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी, एवढाच वेळ हाताशी आहे असे धरून एसीएएसशी संपर्क साधावा. त्यांच्या हेल्पलाइनवरचा सल्ला मोफत आहे.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या कुटुंबांसाठी तर हा कागद अधिकच गंभीर आहे. नोकरी संपली की स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा पुरस्कृत करणारा मालक, होम ऑफिसला कळवतो आणि मुक्कामाची मुदत बहुधा ६० दिवसांवर येते. भरपाई कितीही चांगली असली तरी तेवढ्यात नवा स्पॉन्सर मिळेल का, मुलांच्या शाळेचे काय, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यामुळे रकमेइतकीच घासाघीस नोकरी सुटण्याच्या तारखेवर करावी आणि पुढच्या मालकाला द्यायच्या रेफरन्सचा मजकूर करारातच लिहून घ्यावा. कामाचे तास कमी झाल्याने पगार घटणार असेल, तर व्हिसाच्या अटींवर त्याचा काय परिणाम होईल हेही इमिग्रेशन सल्लागाराला आधीच विचारावे.